न आलेल्या माणसांवर गुन्हा

मे २०१९ मध्ये अंबरनाथ पोलिसांकडे एक तक्रार आली. कंजारभाट समाजातल्या विवेक तमायचीकर यांच्या आजी वारल्या होत्या. मयताला कुणीही जायचं नाही असं समाजाला बजावलं गेलं, आणि इकडे अंत्ययात्रेची तयारी चालू असताना तिकडे हळदीच्या कार्यक्रमात गाणी दणाणत होती, असं तक्रारीत म्हटलं होतं. पोलिसांनी चार जणांवर सामाजिक बहिष्काराचा गुन्हा नोंदवला. कल्याणहून कर्जत लोकल पकडली की अंबरनाथ तिसरं स्टेशन. ‘आता जात कोण पाळतं?’ असं आपण डोंबिवलीच्या फलाटावर उभं राहून म्हणतो, तिथून हे इतकं जवळ आहे.

या घरावर राग कशासाठी? विवेक आणि त्यांच्यासारख्या काही तरुणांनी ‘स्टॉप द व्ही रिच्युअल’ नावाचा व्हॉट्सअ‍ॅप गट काढला आणि लग्नानंतरच्या कौमार्य परीक्षेविरुद्ध उघड बोलायला सुरुवात केली. २०१८ मध्ये विवेक आणि ऐश्वर्या यांनी ही परीक्षा नाकारून लग्न केलं.

परीक्षा होते ती अशी. लग्न लागलं की नवरा-नवरीला एखाद्या लॉजच्या खोलीत पाठवतात, सोबत पांढरी चादर. नवरीच्या अंगावरचे दागिने, पिना, बांगड्या आधी काढून घेतात, कारण टोचून रक्त काढलं तर ‘फसवणूक’ होईल! बाहेर नातेवाईक थांबलेले. मग जातपंचायतीच्या पंचांसमोर, भरल्या बैठकीत, नवऱ्याला विचारलं जातं, माल कसा निघाला? त्याने तीनदा ‘खरा’ म्हणायचं. चादरीवर डाग नसेल तर मुलीची झडती सुरू होते: कोणाबरोबर होतीस, नाव सांग. मारहाण, दंड, लग्न मोडणं हे सगळं त्यानंतरचं. ‘माल’ खोटा असू शकतो ही शक्यता मुलाच्या बाबतीत कुणाच्या डोक्यातही येत नाही.

वैद्यकशास्त्राने या डागाला कधीच निकालात काढलंय. पहिल्या संबंधात रक्त येईलच असं नाही, आणि कोणत्याही तपासणीने कौमार्य सिद्ध होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये या चाचण्या बंद करा असं स्पष्ट सांगितलं. पण पंचांना हसण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्या एमबीबीएसच्या पुस्तकांत ‘कौमार्याची लक्षणं’ अगदी अलीकडेपर्यंत छापलेली होती. सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी त्याविरुद्ध अहवाल दिला, तेव्हा कुठे २०१९ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तो भाग अभ्यासक्रमातून काढायचं ठरवलं. पंच अडाणी म्हणावेत, तर मग प्राध्यापकांना काय म्हणायचं?

जातीचा आणि बाईच्या शरीराचा संबंध काय, हे बाबासाहेबांनी १९१६ मध्येच सांगून ठेवलंय. कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात, वयाच्या पंचविशीत, त्यांनी मांडलं की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न केल्याने. लग्नाचं हे कुंपण राखायचं तर बाईवर ताबा हवा. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह ही त्यासाठीची साधनं. हे सगळं काही उपेक्षित जातींत सुरू झालं नाही. वरून खाली झिरपलं. आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्याचा अभिमान आपण मिरवतो, पण त्यांचं लग्न नवव्या वर्षी झालं आणि चौदाव्या वर्षी त्यांचं मूल दगावलं, हे त्याच अभिमानात दडपून जातं. चादर हे त्याच कुंपणाचं आजचं रूप.

आता दुसरी बाजू, कारण ती सोडून या समाजाबद्दल बोलणं अन्यायाचं होईल. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने ज्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवलं, त्यांत कंजारभाटही आले. तो शिक्का कायद्याने पुसला गेला १९५२ मध्ये. पोलिसांच्या नजरेतून तो गेला असं कुणी म्हणू शकेल का? ज्यांच्यासाठी पोलीस चौकी म्हणजे मार आणि कोर्ट म्हणजे तारखा, त्यांना भांडण मिटवायला आपले पंच जवळचे वाटणारच. म्हणून २०१८ मध्ये पुण्यात समाजातल्या बायकाच परंपरेच्या बाजूने मोर्चात उतरल्या, तेव्हा मला राग आला तरी नवल वाटलं नाही. वस्तीत राहायचं त्यांना, आणि बोलायचं म्हटलं तर काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं. त्याच वर्षी जानेवारीत पिंपरीत एका लग्नात मोहिमेतल्या तरुणांना मारहाण झाली. पुढे ऑक्टोबरात ऐश्वर्या पिंपरीतच दांडिया खेळायला उतरल्या तर दांडियाच बंद करण्यात आला.

कायद्याचंही ऐका. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो रद्द केला. पुढची अर्धशतकाहून जास्त वर्षं बहिष्कृतांच्या हातात स्वतंत्र कायदा नव्हता. २०१३ मध्ये नाशिकमध्ये बापाने जातीबाहेर लग्न केलेल्या गर्भवती लेकीचा जीव घेतला, त्यानंतर डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतीविरुद्ध मोहीम उघडली. विधिमंडळाने २०१६ मध्ये कायदा केला, तो २०१७ मध्ये लागू झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

अडचण पुराव्याची आहे. मारहाणीला वळ असतात. बहिष्काराला काय असतं? माणसं आली नाहीत, बोलावलं नाही, बोलणं तोडलं. ‘आम्हाला वेळ नव्हता’ असं प्रत्येकाने म्हटलं की झालं. फर्मान लेखी निघत नाही आणि साक्ष देणाऱ्याला त्याच गल्लीत राहायचं असतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये तेव्हाचे गृह राज्यमंत्री रणजित पाटील यांनी कौमार्य चाचणी हा लैंगिक अत्याचाराचा प्रकार मानला जाईल असं जाहीर केलं. घोषणा योग्यच होती. पण चादर अंथरली जाते बंद दाराआड, आणि नवरी तक्रार करेल तर ती नवऱ्याविरुद्ध, सासूविरुद्ध, बापाविरुद्धही. तिला उद्या झोपायला छप्पर कोण देणार, याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही.

शासनाचं वागणंही अजब. आंतरजातीय लग्नाला पन्नास हजारांचं अनुदान एका हाताने द्यायचं आणि डिसेंबर २०२२ मध्ये दुसऱ्या हाताने आंतरजातीय व आंतरधर्मीय लग्नांची माहिती गोळा करणारी समिती नेमायची! टीका झाल्यावर आंतरजातीय हा शब्द वगळला, समिती राहिली. आणि आपण? वधूवर सूचक मंडळाच्या अर्जात पोटजातीचा रकाना भरताना आपला हात थबकत नाही. पंचांची बैठक आपल्याकडे नसते, कारण ते काम आपण घरच्या घरीच उरकतो.

तुमच्या ओळखीत कुणावर बहिष्कार पडला असेल तर एवढं सांगा. तक्रार बहिष्कृत व्यक्तीला किंवा तिच्या घरच्यांपैकी कुणालाही करता येते, पोलिसांकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. तारखा आणि कोण काय बोललं ते त्याच दिवशी लिहून ठेवा, मोबाइलवरचे निरोप पुसू नका. आणि साक्षीला बोलावलं तर जा.