परदेशातला रोजा आणि इथला रुग्ण

वैद्यक शिकण्यासाठी परदेशी गेलेल्या माणसाने आपला आचारधर्म तेथे कसा सांभाळला, हा प्रश्न मराठी वाचकाला नवा नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या आणि १८८६ साली पदवी घेऊन परतल्या. त्यांचे लुगडे, त्यांचा शाकाहार, तिथली थंडी आणि त्यांचे आजारपण यांविषयी आपल्याकडे शतकभर लिहिले-बोलले गेले आहे. त्याच वाटेने गेलेल्या मुसलमान विद्यार्थ्याच्या रोजांविषयी मात्र आपल्या घरांतून फारसे बोलले जात नाही. वस्तुतः ही वाटही जुनीच आहे. डॉ. मुख्तार अहमद अन्सारी गेल्या शतकाच्या पहिल्या दशकात एडिंबरोस शिकले, लंडनच्या चेअरिंग क्रॉस रुग्णालयात त्यांनी काम केले, १९१२ साली बाल्कन युद्धात तुर्कस्तानला वैद्यकीय पथक नेले आणि पुढे जामिया मिलियाच्या संस्थापकांत त्यांची गणना झाली. आज यवतमाळसारख्या जिल्ह्यातली मुलेही वैद्यकाच्या शिक्षणासाठी रशिया, किरगिझस्तान, जॉर्जियापर्यंत जातात. तेव्हा हा विषय काही दूरच्या माणसांचा राहिलेला नाही.

माझे एक स्नेही आहेत. आपल्याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वाढलेले, इथे पदवी घेतलेले, नंतर इंग्लंडच्या उत्तर भागात काही वर्षे रुग्णालयात काम करून पदव्युत्तर परीक्षा दिलेले. आज ते वैद्यकाचे अध्यापन करतात. परदेशातल्या त्यांच्या उमेदवारीची वर्षे २०१४ ते २०१७ ही होती आणि या तपशिलाला महत्त्व आहे. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे रमजानचा महिना इंग्रजी वर्षात दर साल दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत पूर्ण फेरा करतो. अन्सारी विलायतेत होते त्या दशकात तो डिसेंबरापासून मागे येत सप्टेंबरपर्यंत आला होता. आमच्या स्नेह्यांच्या वाट्याला जून आला. उत्तर इंग्लंडात जूनमध्ये सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो आणि पहाटेची चाहूल तीनच्या आतच लागते. रोजा जवळजवळ एकोणीस तासांचा. त्याहून उत्तरेकडे राहणाऱ्यांसाठी काही धर्मपंडितांनी मक्केची किंवा जवळच्या शहराची वेळ धरण्याची मुभा दिलेली आहे, ती उगाच नव्हे.

मी त्यांना एकदा विचारले, एवढे तास भूक कशी सोसली? ते म्हणाले, भुकेचे काही वाटले नाही, तहानेचेही नाही, कारण तिथे हवा थंड होती. आपल्याकडे २०१८ साली रमजान मेच्या मध्यावर सुरू झाला तेव्हा यवतमाळात रोजा साडेचौदा तासांच्या आसपास होता, पण त्या दिवसांत वऱ्हाडातल्या उन्हात बांधकामावर किंवा हातगाडीवर राबणाऱ्या रोजेदाराला जी किंमत मोजावी लागली, ती विलायतेतल्या एकोणीस तासांहून कमी नव्हती. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे चटकन कळावे: नुसते तास मोजून श्रमाचे मूल्य कळत नाही.

त्यांना जड गेले ते निराळेच. गावी असताना पहाटे सहरीला सारा मोहल्ला उठे. मशिदीवरून पुकारा होई, दुकानदाराने छापून वाटलेले वेळापत्रक भिंतीवर असे, आई उठवी. संध्याकाळी इफ्तारच्या वेळी शेजारच्या घरातून ताट येई. इंग्लंडात घड्याळाचा गजर लावून एकट्याने उठायचे, थंड दुधाबरोबर काहीतरी खायचे आणि सातच्या सुमारास कामावर हजर व्हायचे. रात्रपाळीत सूर्यास्ताच्या वेळी नेमका पेजर वाजे. खिशातले दोन खजूर जिन्यातच तोंडात टाकून धावायचे. पुढे एका सहकारी डॉक्टरणीच्या हे ध्यानात आले. ती स्वतः कोणताच धर्म पाळणारी नव्हती. तिने न बोलता रोज त्या वेळी दहा मिनिटे त्यांचा पेजर स्वतःकडे घ्यायला सुरुवात केली. त्या दहा मिनिटांविषयी ते अजूनही फार आदराने बोलतात.

यातून त्यांना जे उमगले ते माझ्या मते पुस्तकात सहसा सापडत नाही. इस्लामने आजाऱ्याला, प्रवाशाला, गरोदर स्त्रीला रोजातून सूट दिली आहे. सुटलेले रोजे नंतर भरून काढावेत, तेही शक्य नसेल तर गरिबाला अन्न द्यावे, अशी व्यवस्था आहे. डॉक्टर मंडळी रुग्णाला हेच सांगतात आणि मधुमेहाचा रुग्ण मान हलवून घरी जातो व दुसऱ्या दिवशी रोजा ठेवतो. डॉक्टर त्याला अडाणी म्हणतो. पण सुटलेला रोजा पुढे कधीतरी एकट्याने ठेवायचा असतो. घरात सगळे जेवत असताना, बाजार उघडा असताना, कोणी उठवणारे नसताना. जो खर्च सगळ्यांनी मिळून उचलला तर सोसतो, तोच एकट्यावर पडला की दसपट वाटतो. शिवाय रमजानात दिवसा घरच्यांसमोर घास घेण्याचा संकोच आहेच. आमचे स्नेही म्हणाले, "मी एकट्याने रोजे ठेवले नसते, तर सवलत महाग पडते हे मला कधी कळले नसते."

हा प्रश्न किती मोठा आहे याचा अंदाज एका जुन्या पाहणीतून येतो. २००१ साली भारतासह तेरा देशांत १२ हजारांहून अधिक मुसलमान मधुमेहींची पाहणी झाली; तिचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या सुमारे ७९ टक्के आणि इन्शुलिनवर जगणाऱ्या पहिल्या प्रकारच्या सुमारे ४३ टक्के रुग्णांनी निदान पंधरा दिवस रोजे ठेवले होते. रक्तातली साखर धोकादायकरीत्या घसरण्याचे प्रसंग दुसऱ्या प्रकारात इतर महिन्यांच्या तुलनेत साडेसात पट झाले होते. अर्थात मूळ आकडा लहान होता, हे सांगितलेच पाहिजे: शंभर रुग्णांमागे महिन्याला ०.४ वरून ३. पण बेशुद्ध पडलेल्या माणसाला टक्केवारीचा दिलासा नसतो.

या प्रश्नाला वैद्यकाने उत्तर शोधलेले आहे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०१६ साली रमजानसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२१ साली त्या सुधारल्या. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी रुग्णाला बोलवावे, त्याचा धोका तपासावा, गोळ्यांच्या वेळा व मात्रा बदलून द्याव्यात, साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा तत्काळ सोडण्यास सांगावे. बोटातून रक्त काढून साखर तपासल्याने रोजा मोडत नाही, हेही सांगावे, कारण पुष्कळांचा समज उलटा असतो. आमच्या स्नेह्यांनी इंग्लंडात पाहिले ते हेच. रमजान दीड-दोन महिन्यांवर आला की दवाखान्यातली परिचारिका यादी घेऊन बसे आणि प्रत्येक मुसलमान रुग्णाला एकच साधा प्रश्न विचारी: या वर्षी रोजे ठेवण्याचा विचार आहे का? प्रश्नात उपदेश नसे, म्हणून उत्तर खरे मिळे.

आपल्या बाह्यरुग्ण विभागांत हा प्रश्न किती ठिकाणी विचारला जातो? रांग मोठी, डॉक्टर थोडे, रुग्णामागे दोन-तीन मिनिटे, ही अडचण मला मान्य आहे. पण आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे अर्थशास्त्राच्या शिक्षकाचे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. मधुमेहाच्या जुन्या आणि अतिशय स्वस्त गोळ्यांत ग्लिबेन्क्लामाइडसारखी औषधे आहेत. ती साखर खाली ढकलतात आणि पोट रिकामे असेल तरी ढकलतच राहतात. उपवासात कमी धोक्याची मानली जाणारी सिटाग्लिप्टिनसारखी नवी औषधे कित्येक वर्षे गरिबाच्या आवाक्याबाहेर होती. २०२२ साली सिटाग्लिप्टिनचे पेटंट संपले आणि देशी कंपन्यांच्या गोळ्या येऊन किंमत झपाट्याने उतरली. म्हणजे आता गोळी बदलून देणे पूर्वीइतके महाग राहिलेले नाही. प्रश्न विचारला गेला तर.

तो विचारायला शिकवायचे कोणी? यवतमाळला १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि पुसदजवळच्या गहुलीत जन्मलेल्या वसंतराव नाईकांचे नाव त्याला दिलेले आहे. २०१९ पासून देशभरच्या वैद्यकीय अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद असा एक स्वतंत्र भाग आला आहे. रोजेदार रुग्णाशी कसे बोलावे, हा त्यातला एक तास व्हायला कोणाची परवानगी लागू नये. पुसद, दिग्रस, उमरखेड, आर्णी इथून येणाऱ्या रुग्णांत रोजेदार असतातच. आणि हा तास केवळ मुसलमान रुग्णापुरता राहणारही नाही. नवरात्रात नऊ दिवस उपास करणारी, श्रावण सोमवार धरणारी, पर्युषणात अन्न वर्ज्य करणारी माणसेही डॉक्टर रागावतील म्हणून गप्प बसतात आणि गोळ्या मनाच्या अंदाजाने घेतात वा टाळतात. साबुदाण्याच्या खिचडीने साखर किती चढते, हेही त्याच तासात सांगता येईल.

असा तास घेऊ शकणारा शिक्षक घडायला मात्र वेळ आणि पैसा दोन्ही लागतात, आणि इथे मला थोडी तक्रार नोंदवायची आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजाचा भार उचलणारी केंद्राची 'पढो परदेश' योजना २०२२-२३ पासून बंद झाली. संशोधनासाठीची मौलाना आझाद शिष्यवृत्तीही त्याच सुमारास थांबवण्यात आली. इतर योजनांशी पुनरुक्ती होते, असे कारण सांगण्यात आले. हिशेबाच्या वहीत ते कारण चालेलही. पण तालुक्याच्या गावातल्या शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या मुलीला परदेशातली दोन-तीन वर्षे परवडतील की नाही, हे बहुधा व्याजाच्या त्या रकमेवरच ठरत असते. आमचे स्नेही स्वतः कर्ज काढून गेले आणि अनेक वर्षे ते फेडत राहिले.

सध्या रमजान हिवाळ्याच्या दिशेने सरकतो आहे. २०३० साली तर एकाच इंग्रजी वर्षात, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरात, दोनदा तो सुरू होईल. दिवस लहान असतील, यवतमाळात हवा बरी असेल, आणि रोजे ठेवणाऱ्या मधुमेह्यांची प्रकृती त्या मानाने निभावून जाईल. मे महिन्यातला रमजान परत येईल तो २०५० च्या आसपास. आज पहिल्या वर्षात शिकणारी मुले तेव्हा विभागप्रमुख असतील.