निरोप पोहोचला, पण कळला का?

पूर्वी गावात काही जाहीर करावयाचे झाले म्हणजे दवंडी पिटत. हलगी वाजली की माणसे दारात येत, आणि एखाद्याला नीट उमगले नाही तर तो तिथल्या तिथे विचारी, "उद्या म्हणजे कधी? आणि जमायचं कुठं?" शाळेच्या फळ्यावरच्या सूचनेला मात्र असे विचारता येत नाही. ती लिहिणारे गुरुजी केव्हाच वर्गात गेलेले असतात. म्हणून वाचणाऱ्याच्या मनात जे प्रश्न येणार, त्यांची उत्तरे सूचनेतच आधी घालून ठेवावी लागतात. सारी मेख इथे आहे.

आता इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवसारख्या गावी फळ्यावर अशी सूचना लिहिली आहे असे समजा :

"सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, परवा पालकसभा आयोजित करण्यात आलेली असून सर्वांनी देवळापाशी वेळेवर उपस्थित राहावे."

भाषा कशी भारदस्त आहे! पण हिच्यातून कळले काय? 'सर्व संबंधित' म्हणजे कोण? जो तो म्हणणार, आपण नव्हे. 'परवा' हा आपल्या मराठीतला मोठा फसवा शब्द. तो मागच्या दिवसालाही चालतो आणि पुढच्याही. शिवाय सूचना दोन दिवस फळ्यावर राहिली, तर वाचणाऱ्याचा 'परवा' रोज एकेक दिवस पुढे सरकतो. 'वेळेवर' या शब्दात तर वेळच नाही.

राहिले देऊळ. पळसदेवचे जुने गाव उजनी धरणाच्या पाण्यात गेले. हे धरण १९८० साली पुरे झाले. गाव पुणे-सोलापूर रस्त्यालगत नव्याने वसले. जुने पळसनाथाचे देऊळ मात्र पाण्यातच राहिले, आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे ते पुन्हा उघडे पडते. अशा गावात नुसते 'देऊळ' म्हटल्यावर जुन्या माणसाच्या डोळ्यांपुढे कोणते उभे राहील आणि पोराच्या डोळ्यांपुढे कोणते, हे कोणी सांगावे? लिहिणाऱ्याला ठाऊक असते, म्हणून त्याला वाटते की सगळ्यांनाच ठाऊक आहे.

यात नुकसान कोणाचे होते तेही पाहू. खुरपणीला जाणारी आई सभेसाठी कामावर खाडा करते. सभा त्या दिवशी नव्हतीच असे शाळेत आल्यावर समजले, तर तिचा रोज बुडाला. पुढच्या वेळी ती येत नाही, आणि आपण म्हणतो, पालकांना आस्था नाही! तीच सूचना अशी लिहून पाहा :

"पालकसभा. पाचवीतील मुलांच्या आईवडिलांसाठी.
सोमवार, ता. १३ जुलै. सकाळी ८ ते ९.
जागा : शाळेतील पाचवीचा वर्ग.
काम : मुलांची बँक खाती उघडणे. मुलाच्या आधार कार्डाची प्रत आणावी.
येणे जमत नसेल, तर शनिवारपर्यंत वर्गशिक्षकांना सांगावे.
— मुख्याध्यापक, ता. ८ जुलै."

कोणी, कधी, कुठे, कशासाठी, काय आणावे, न जमल्यास काय करावे, या सहाही प्रश्नांची उत्तरे इथे आली. वार आणि तारीख दोन्ही दिली, म्हणजे एकात चूक झाली तर दुसऱ्यावरून ती पकडता येते. सभा किती वाजता संपेल हेही सांगितले, म्हणजे त्या आईला उरलेल्या दिवसाचा हिशेब करता येतो. सूचना लिहिली तो दिवसही खाली घालावा. आज सूचना मोबाईलवरून घरोघर फिरते, आणि महिन्यापूर्वीची सूचनाही ताजी म्हणून पुढे जाते. ठरलेले काही रद्द झाले असेल, तर 'रद्द' हा शब्द सर्वांत आधी लिहावा. तो पाचव्या ओळीत लपला, तर वाचणारा चौथ्या ओळीवरच घरातून निघालेला असतो.

आता फोनवरच्या निरोपाकडे वळू. इथे डोळ्यांचा आधार नाही, सगळी भिस्त कानावर. याच तालुक्यात डाळज नावाची गावे तीन आहेत : नंबर १, नंबर २ आणि नंबर ३. "डाळजला या" एवढ्या निरोपावर माणूस कुठे जाणार? कळस आणि कळाशी ही गावेही इथलीच. आवाज जरा फाटला की एकाचे दुसरे ऐकू येते. अशा वेळी गावाला खूण जोडावी : "कळाशी, पाण्याकाठची."

वेळेचेही तसेच. 'पावणेनऊ' मधले 'पावणे' वाऱ्यावर गेले की उरतात नऊ, आणि पाव तास हुकतो. म्हणून "पावणेनऊ, म्हणजे आठ पंचेचाळीस" असे दोनदा, दोन तऱ्हांनी सांगावे. एकोणतीस आणि एकोणचाळीस यांचे तोंड एक, शेपूट तेवढे निराळे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा राज्यभर मोठा वाद झाला. वर्गात कसे वाचावे हा प्रश्न वेगळा. फोनवर मात्र "एकोणतीस, दोन आणि नऊ" असे अंक सुटे करून सांगणे बरे.

आडनावांसाठी आपली बाराखडी हाताशी आहेच. खरात की थोरात? "खडूतला ख" किंवा "थव्यातला थ" म्हटले की शंका मिटली. जगभरच्या विमान वाहतुकीतही १९५६ सालापासून इंग्रजी अक्षरांसाठी असेच ठरावीक शब्द वापरतात. आणखी एक चांगली रीत त्यांच्याकडे आहे. महत्त्वाची सूचना मिळाली की वैमानिक ती उलट म्हणून दाखवतो. आपणही निरोप सांगून झाल्यावर "कळलं का?" असे विचारू नये. त्यावर भिडेखातर उत्तर येते, "हो." त्याऐवजी म्हणावे, "काय लिहिलंत ते जरा वाचून दाखवा." चूक असेल ती तिथेच सापडते.

दुसऱ्याचा निरोप घेणाऱ्याने चार गोष्टी कागदावर टिपाव्यात : कोणाचा फोन, कोणासाठी, किती वाजता आला, आणि पुढे काय करावयाचे. फोन करणाऱ्याचा नंबरही लिहून ठेवावा. लक्षात ठेवतो म्हटलेला निरोप घंटा झाली की विसरतो.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. सूचना फळ्यावर जाण्याआधी चौथीतल्या एखाद्या मुलाला ती वाचावयास द्या आणि विचारा, "घरी आईला काय सांगशील?" ज्या आईला वाचता येत नाही, तिच्यापर्यंत सूचना त्याच्याच तोंडून जाणार आहे. त्याने अडखळत का होईना, पण बरोबर सांगितले, तर सूचना खुशाल लावा. नाही सांगता आले, तर खडू पुन्हा हातात घ्या.