मूलनलिका उपचारातील संस्करण व पूरण पद्धती : शीव परिसरातील दंतरुग्णाच्या संदर्भात एक तुलनात्मक विचार

शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका सर्वसाधारण रुग्णालयात धारावी, चुनाभट्टी, अँटॉप हिल, प्रतीक्षानगर या वस्त्यांतून रुग्ण येतात. दाढ ठणकू लागली की त्यांच्यापुढे प्रश्न असतो तो दाढ काढायची की ठेवायची, हा. काढण्याचे काम सहसा एका फेरीत होते. ठेवायची तर मूलनलिका उपचार, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेले ‘रूट कॅनाल’, करावे लागते. खाजगी दवाखान्याचा खर्च न परवडणाऱ्यास महापालिकेचे १९३३ साली स्थापन झालेले नायर रुग्णालय दंतमहाविद्यालय अथवा सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंतमहाविद्यालय हे आधार आहेत. नायरला जायचे तर दादरला गाडी बदलून मुंबई सेंट्रल गाठावे लागते आणि रोजंदारीवरील माणसाचा अशा प्रत्येक फेरीत रोज बुडतो. नलिका कशी तासावी व कशी भरावी याविषयीच्या विविध पद्धतींची तुलना करताना हा रुग्ण नजरेसमोर ठेवणे आवश्यक आहे.

दातातील रोगाचे मूळ कारण जंतू होत, ही गोष्ट काकेहाशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली स्पष्ट केली. जंतुविरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांची दंतमज्जा उघडी केली तरी ती नष्ट झाली नाही. सामान्य उंदरांत मात्र ती कुजली व मुळाच्या टोकाशी गळू झाले. तेव्हा उपचाराचे उद्दिष्ट नलिकेतील जंतू व मृत ऊतक काढणे आणि त्यांना पुन्हा वाट मिळू न देणे हे आहे. अडचण नलिकेच्या आकारातून उद्भवते. ती सरळ, गोल नळी क्वचितच असते. कोठे ती चपटी होते, कोठे दुभंगून पुन्हा एक होते, टोकाजवळ वळते. वरच्या पहिल्या दाढेच्या गालाकडील पुढच्या मुळात निम्म्याहून अधिक वेळा दुसरी नलिका असते व ती न सापडल्यास पुढील सारी कुशलता व्यर्थ जाते.

संस्करणाच्या पद्धती

नलिका तासण्याचे हत्यार म्हणजे फाइल. तिला बारीक कानसच म्हणता येईल. हातफाइलींचे आकार इंगल यांच्या प्रयत्नांतून १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात व त्यानंतर प्रमाणित झाले. २५ क्रमांकाच्या फाइलीचे टोक ०.२५ मिलिमीटर व्यासाचे असते आणि तेथून दर मिलिमीटरला तिची जाडी ०.०२ मिलिमीटरने वाढते. ‘स्टेप-बॅक’ पद्धतीत टोकाचा भाग लहान फाइलीने पूर्ण लांबीपर्यंत तयार करून, पुढची प्रत्येक जाड फाइल एकेक मिलिमीटर अलीकडे थांबवितात. ‘क्राउन-डाउन’ पद्धतीत क्रम उलटा असतो. प्रथम तोंडाकडील भाग रुंद करतात व मग खाली उतरतात. दुसऱ्या पद्धतीचा लाभ असा की, वरचा सडका मजकूर आधी निघून जातो, तो टोकापलीकडे ढकलला जाण्याची भीती घटते व जंतुनाशक द्रावण खोलवर पोहोचते. स्टेप-बॅकनंतर रुग्णाला रात्री जो ठणका लागतो, त्याचे एक कारण ढकलला गेलेला हाच मजकूर होय.

पोलादी फाइल जसजशी जाड होते तसतशी ताठ होते. वळणदार नलिकेत ती सरळ होऊ पाहते व वळणाच्या बाहेरील बाजूस नवीच वाट खोदते. वालिया, ब्रँटली व गर्स्टीन यांनी १९८८ साली निकेल-टायटॅनियम या लवचीक मिश्रधातूची फाइल वर्णिली, आणि पुढे यंत्राने फिरणाऱ्या फाइली प्रचारात आल्या. नवशिक्या हातातही त्या नलिकेचे वळण बरेचसे राखतात आणि वेळ वाचवितात. जेथे एका खुर्चीमागे रांग असते, तेथे हा लाभ मोठा आहे.

तथापि त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पोलादी फाइल तुटण्यापूर्वी बहुधा तिचे पीळ उलगडलेले दिसतात. निकेल-टायटॅनियमची फाइल पुष्कळदा कोणतीही दृश्य सूचना न देता तुटते. महाग म्हणून ती पुनःपुन्हा वापरण्याचा मोह सार्वजनिक रुग्णालयात स्वाभाविक असला तरी वापरांची मोजदाद ठेवल्याशिवाय तो घातक ठरतो. दुसरी किंमत डेंटिनची. टोकापासून १० मिलिमीटरवर २५ क्रमांकाच्या हातफाइलीची जाडी ०.४५ मिलिमीटर भरते. ६ टक्के उताराच्या यंत्रफाइलीची ०.८५ मिलिमीटर. मुळाची भिंत तितकी पातळ होते, आणि पुढे चावण्याचा भार तिलाच सोसावयाचा असतो.

कोणतीही फाइल नलिकेची संपूर्ण भिंत तासत नाही, हे येथे विशेष ध्यानात घ्यावे. पीटर्स व सहकाऱ्यांनी २००१ साली सूक्ष्म संगणकीय छेदचित्रणाने निकेल-टायटॅनियम फाइली तपासल्या, तेव्हा ३५ टक्के वा अधिक पृष्ठभाग अस्पर्शित राहिलेला आढळला. तो भाग द्रावणानेच स्वच्छ व्हावयाचा. सोडियम हायपोक्लोराइट मृत ऊतक विरघळविते. १७ टक्के ईडीटीए तासण्याने भिंतीवर बसलेला लेप काढते. ही द्रावणे तुलनेने स्वस्त आहेत. यंत्राने तासणी लवकर आटोपली म्हणून धुणेही लवकर आटोपणे, हा वेगाचा सर्वांत छुपा तोटा होय. रबर-डॅम न बसविता तर हायपोक्लोराइट वापरूच नये, कारण लाळेतील जंतू आत व द्रावण घशात जाण्याचा धोका असतो.

पूरणाच्या पद्धती

भरावयाचा पदार्थ आजही मुख्यतः गटापर्चाच आहे. १८७० साली मुंबईस जोडल्या गेलेल्या समुद्री तारेला वेष्टन याच झाडाच्या चिकाचे होते. दंतवैद्यकात त्याच्या शंकू वापरण्यास त्याच सुमारास आरंभ झाला. शंकूत प्रत्यक्षात गटापर्चा साधारण पाचवा हिस्सा असतो, अधिक वाटा झिंक ऑक्साइडचा.

शीत पार्श्वदाब पद्धतीत मुख्य शंकू बसवून, टोकदार स्प्रेडरने तो बाजूला दाबून, मोकळ्या जागेत लहान शंकू भरतात. साधने थोडी लागतात, लांबीवर ताबा राहतो. मात्र शंकूंमध्ये फटी उरतात आणि जोर अधिक झाल्यास मूळ उभे तडकू शकते. शिल्डर यांनी १९६७ साली मांडलेल्या उष्ण उभ्या दाबाच्या पद्धतीत गटापर्चा तापवून उपनलिकांतही दाबतात. क्ष-किरण चित्रात ते पूरण देखणे दिसते. परंतु पेंग व सहकाऱ्यांनी २००७ साली उपलब्ध अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले असता उष्ण व शीत पद्धतींच्या दीर्घकालीन यशात फरक आढळला नाही. उष्ण पद्धतीत पदार्थ टोकापलीकडे जाण्याचे प्रमाण मात्र अधिक होते. अलीकडे कॅल्शियम सिलिकेटच्या सीलरसह एकच शंकू बसविण्याची रीत वाढली आहे. ती सोपी व जलद आहे, पण सीलर महाग असतो.

एन्ग व सहकाऱ्यांनी २००७ व २००८ साली पूर्वीच्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेतला. कठोर निकषांवर प्रथम उपचाराचे यश ६८ ते ८५ टक्के आढळले. यशाशी निगडित गोष्टी चार होत्या : उपचारापूर्वी मुळाशी गळूची छाया नसणे, पूरणात पोकळी नसणे, पूरण मुळाच्या टोकापासून २ मिलिमीटरच्या आत संपणे, आणि दातावर समाधानकारक पक्के आच्छादन असणे. पहिली गोष्ट रुग्ण किती लवकर येतो यावर अवलंबून आहे. मधल्या दोन्ही काळजीपूर्वक केलेल्या हातफाइलीच्या व शीत पूरणाच्या उपचारातही साधता येतात.

चौथ्या गोष्टीत मात्र शीवचा रुग्ण हमखास मागे पडतो. पहिल्या फेरीत ठणका थांबतो, मजुरी बुडू नये म्हणून पुढची फेरी टळते, तात्पुरते सिमेंट काही आठवड्यांत झिजून गळू लागते आणि लाळेबरोबर जंतू पुन्हा आत उतरतात. दंतमज्जा गेलेली दाढ पोखरलेली असतेच. कॅप न बसविल्यास ती भाकरीच्या घासानेही उभी फुटते. एका फेरीत व अनेक फेऱ्यांत पूर्ण केलेल्या उपचारांच्या यशात लक्षणीय तफावत आढळलेली नाही. त्यामुळे ज्या दाढेत नलिका कोरड्या करता येतात, तेथे यंत्रफाइलीने वाचलेला वेळ आधी पुरेशा धुण्यासाठी व उरलेला त्याच बैठकीत पूरण आणि पक्के भरण करण्यासाठी खर्चावा. नलिका पाझरत असेल तर कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून दुसरी फेरी घ्यावीच लागते. अशा वेळी वरचे तात्पुरते सिमेंट निदान साडेतीन-चार मिलिमीटर जाडीचे असावे, कारण तो रुग्ण ठरल्या दिवशी येईलच असे नाही.