शालेय विद्यार्थ्यांसाठी जलसंधारणाचे प्रत्यक्ष धडे

'पाणी वाचवा' ही घोषणा विद्यार्थ्यांना पाठ असते; परंतु आपल्या गावात यंदा किती पाऊस पडला, त्यातील किती मुरला आणि विहिरीची पातळी किती वाढली, हे क्वचितच कोणी सांगू शकते. मोजमापाशिवाय पाण्याचे नियोजन होत नाही. ही सवय शालेय वयातच लागावी, यासाठी पुढील उपक्रम अल्प खर्चात शाळेच्या आवारात व शिवारात घेता येतात.

१. पर्जन्यमापन : सरळ बाजूंची पारदर्शक बाटली वरच्या बाजूस कापून तो भाग नरसाळ्यासारखा उलटा बसवावा. तळाचा असमान भाग खडे व पाण्याने भरून त्या पातळीवर शून्याची खूण करावी आणि बाहेरून मोजपट्टी चिकटवावी. झाडे व इमारती यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर बाटली ठेवून रोज सकाळी ८.३० वाजता नोंद घ्यावी व पाणी पुन्हा शून्यावर आणावे.

२. छपराचा हिशेब : १ चौरस मीटरवर १ मि.मी. पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. शाळेचे छप्पर १०० चौ.मी. आणि पाऊस ६०० मि.मी. असल्यास ६०,००० लिटर पाणी पडते; २० टक्के घट धरली तरी ४८,००० लिटर साठवता येते. हेच सूत्र शेतास लावल्यास, २५ मि.मी. पावसात एका हेक्टरवर अडीच लाख लिटर पाणी पडते, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात येते.

३. मुरण्याचा वेग : दोन्ही तोंडे उघडी असलेला पत्र्याचा डबा जमिनीत थोडा ठोकून त्यात ठरावीक पाणी ओतावे आणि ते मुरण्यास लागणारा वेळ मोजावा. पायवाट, नांगरलेले रान व पालापाचोळ्याखालील माती येथील वेळांची तुलना केली, की आच्छादनाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

४. समपातळी रेषा : दोन समान काठ्या, आडवी पट्टी व ओळंबा यांची 'ए' आकाराची चौकट करून उतारावर समान उंचीची ठिकाणे शोधावीत व तेथे खुंट्या ठोकाव्यात. बांध उताराला आडवा का घालतात, हे यातून स्पष्ट होते.

५. विहिरीची पातळी : कठड्यावरील कायम खुणेपासून पाण्यापर्यंतची खोली वजन बांधलेल्या दोरीने दरमहा मोजावी. पंप चालू असताना किंवा बंद केल्यावर लगेच नोंद घेऊ नये. मोजणी प्रौढ व्यक्तीनेच करावी. विद्यार्थ्यांनी सुरक्षित अंतरावर राहून आलेख काढावा.

या नोंदी वहीत बंद राहिल्या, तर उपक्रमाचा हेतू अपुरा राहतो. पावसाळा संपताच विद्यार्थ्यांनी एकूण पाऊस व विहिरींची पातळी ग्रामसभेत मांडावी. रब्बीत गहू घ्यावा की हरभरा, उन्हाळी पिकास पाणी पुरेल काय, या निर्णयांना त्यातून आधार मिळतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पाण्याचा ताळेबंद मांडूनच पिकांचे नियोजन केले जाते. महाराष्ट्रासह सात राज्यांत राबविलेल्या अटल भूजल योजनेतही ग्रामपंचायत स्तरावरील जलअंदाजपत्रकास मध्यवर्ती स्थान आहे.

विस्तार कार्यकर्त्यांनी जूनपूर्वी शाळेस एक पर्जन्यमापक व नोंदवही मिळवून द्यावी. प्रगतिशील शेतकऱ्यांनी आपले शेत व विहीर निरीक्षणासाठी खुली करावी. दोन-तीन वर्षांच्या सलग नोंदी जमल्या, की गावाजवळ स्वतःच्या पाण्याचा स्वतः मोजलेला हिशेब असेल.