रेंजरच्या पोटातली काळी सायकल

जुन्नर-आंबेगावात कांद्याच्या बराखीमागे किंवा गोठ्याच्या आढ्याला अजूनही एखादी ‘रेंजर’ सापडते. सरळ हँडल, जाड उंचवट्यांचे टायर, मडगार्डला फाटा. १९९०च्या दशकात हिरोची रेंजर आणि हर्क्युलसची एमटीबी यांनी शाळकरी पोरांना वेड लावलं होतं. दहावी पास झालास तर रेंजर, हा तेव्हाचा घरोघरीचा करार.

या डोंगरी सायकलीचं, म्हणजे एमटीबीचं, माहेर कॅलिफोर्नियातलं मरीन. तिथं १९७६ पासून गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही मंडळी जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरावर नेऊन कच्च्या उतारावरून भरधाव सोडत. ब्रेक मागच्या हबमध्येच असे. तो इतका तापे की आतलं ग्रीस जळून जाई. १९७७मध्ये ब्रीझनं खास डोंगरासाठी फ्रेम बांधली आणि १९८१मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची गिअरवाली ‘स्टंपजम्पर’ बाजारात आली.

आपल्याकडं आलं ते मुख्यतः रूपडं. बहुतेक रेंजरना गिअर नव्हते. जाड टायर आणि रंगीत नळ्यांच्या आत एकेरी फ्रीव्हील, कॉटरचा क्रँक, कोन, छर्रे असा सगळा संसार जुन्या साध्या काळ्या सायकलीचाच. आपटाळ्यावरून घाटघरकडं जाताना किंवा डिंभ्याहून भीमाशंकरकडं चढताना रेंजरवालाही उतरून सायकल ढकलतच निघे. दुधाच्या किटल्या लावलेली काळी सायकल या रस्त्यांना आधीपासून ठाऊक होती. तिला डोंगरी म्हणवून घ्यायची गरज कधी पडली नाही.

पण हाच आतला जुनेपणा रेंजरच्या पथ्यावर पडला. ती बिघडली तर पुण्याला न्यावी लागत नसे. पेठेत किंवा एसटी स्टँडजवळ एखादं तरी ‘सायकल मार्ट’ असेच. पाटीवर ॲटलस, हिंद, हर्क्युलस. छताला टांगलेल्या रिमा, दारात पाण्याचं घमेलं आणि हवेचा पंप. सायकल तासावर भाड्यानं मिळे. वहीत नाव, गाव आणि सुटल्याची वेळ. ओळखीचं पोर असलं की वही मिटलेलीच राही. कित्येक जण नळीतून पाय घालून त्याच सायकलींवर शिकले, आणि गुडघे फोडून घेतल्यावर वाकडं हँडल घरी कळायच्या आत सरळ करून घ्यायलाही तिथंच आले. दिवाळीच्या किंवा शाळेच्या सुट्टीत ‘ओव्हरऑइलिंग’ची रांग लागे.

आज रेंजर पुन्हा रस्त्यावर आणायची, तर पहिली परीक्षा कॉटर पिनची. क्रँकला एक्सलशी जखडणारी ही लोखंडी पाचर गंजानं जाम झालेली असते. घाईनं नट काढून हातोडा घातला, की आटे दबतात, पिनेचं तोंड फुलतं आणि ती जास्तच अडकते. जाणता मिस्त्री आदल्या रात्री तेल सोडून ठेवतो. सकाळी क्रँकखाली भक्कम आधार देतो, नट आट्यांच्या टोकाशी येईल इतपत सैल करतो आणि एकच नेमका घाव घालतो. नव्या पिना घालताना दोन्ही बाजूंच्या पिनांचं तोंड परस्परविरुद्ध हवं. नाहीतर दोन पायडलं एका रेषेत येत नाहीत आणि सायकल लंगडते. डाव्या पायडलचे आटे उलटे, हेही विसरायचं नाही.

मग हब. मागच्या चाकात पाव इंची छर्रे, एका बाजूला ९. कोन खरवडला असेल तर तो बदलायचाच. नवे छर्रे जुन्या खाचेत टिकत नाहीत. शेवटी चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायचा. फ्रेमला खडू टेकवून चाक फिरवायचं. रिमवर जिथं रेघ उमटेल, तिथं त्या बाजूची तार किंचित सैल आणि पलीकडची तितकीच घट्ट. एका वेळी पाव आटा, त्याहून जास्त नाही.

पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी २०१७ साली सायकलींचं संग्रहालय उघडलं. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली बीएसएची घडीची सायकलही तिथं आहे. रेंजरला एवढा मान अजून नाही. ती पुरेशी जुनी झालेली नाही, दुर्मीळ तर नाहीच. पण तिला ओळखणारी दुकानं मात्र झपाट्यानं कमी झाली. बापाच्या हाती मोटारसायकल आली, पोरं स्कूलबसनं जाऊ लागली, उसातल्या बिबट्यांच्या धास्तीनं संध्याकाळी एकट्या पोराला सायकलवर धाडायला घरचे कचरू लागले. दुकानांच्या पाटीवरच्या ॲटलसनंही आपला साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद केला.

टायर-ट्यूब, चेन, पिना हे सामान अजून मिळतं. हात मिळणं अवघड. म्हणून आढ्यावरची रेंजर खाली काढलीत, तर रंगाचा डबा आणण्याआधी मिस्त्री शोधा. तो बहुधा हायवेलगत मोटारसायकलींची पंक्चरं काढत असेल. मजुरीत घासाघीस करू नका आणि घरातलं एक पोर त्याच्या शेजारी बसवा. पाव आटा म्हणजे किती, हे पाना हातात घेतल्याशिवाय कळत नाही.