कागदाची बंडी, गल्लीची रुंदी आणि पाण्याखालचं गाव

आजचा भाग कागदाबद्दल आहे. कागदाचं गाव कसं करायचं, त्यातली घरं, विहीर, कवेलूची छपरं, आणि मुख्य म्हणजे त्यातली बंडी. ज्यांना ऐकायला वेळ होत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप. बोलतानाचे 'म्हणजे', 'ॲक्चुअली' काढून टाकलेत, बाकी जसंच्या तसं आहे.

आधी एक गोष्ट सांगतो, ती कळली तर पुढचं सगळं कळेल. नेटवर कागदी गावांचे नमुने ढिगाने मिळतात. प्रिंट काढा, कापा, चिकटवा. पण ती गावं युरोपातली असतात. उतरत्या छपरांची घरं, चर्चचा मनोरा, आणि रस्त्यावर चार चाकांची घोडागाडी. त्या गाडीचा पुढचा आस फिरतो, म्हणून ती वळते. आपली बंडी दोन चाकांची. आस एकच, तोही पक्का. मधून एक लांब दांडी पुढे जाते, तिच्या टोकाला जू, आणि जू दोन बैलांच्या मानेवर. घोड्याला मान ताणून ओढता येत नाही, म्हणून त्याला खोगीर-पट्टे आणि दोन्ही बाजूंनी दोन दांड्या लागतात, आपला टांगा बघा. बैलाला वशिंड आहे, जू त्याच्यापुढे अडकतं. या एवढ्याशा फरकामुळे गाडीचा आकार, तिचं वळणं, आणि ती वळते म्हणून गल्लीचा आकार, सगळंच बदलतं. युरोपचा नमुना घेऊन त्याला बैल लावले तर फोटो छान येतो, पण ते आपलं गाव होत नाही.

मला जे गाव करायचं होतं ते आईचं माहेर. कुही तालुक्यातलं, वैनगंगेच्या बाजूचं. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते झाली, आणि पुढे काही वर्षांनी पाणी भरत गेलं तसं भंडारा आणि नागपूर या दोन्ही जिल्ह्यांतल्या गावांचं बुडीत क्षेत्र झालं. आमच्या आजीचं घर त्यात आहे. मामा आता पुनर्वसनाच्या गावठाणात राहतो, तिथले रस्ते सरळ आणि रुंद आहेत, ट्रॅक्टर आरामात जातो.

आता तुम्ही म्हणाल, नकाशा काढ आणि कर. इथेच खरी अडचण आहे. महसुलाच्या जुन्या गाव नकाशात शेतं गटवार दिसतात, पण गावठाण म्हणजे नुसता एक बंदिस्त आकार. त्याच्या आत कोणाचं घर कुठे, हे बहुतेक गावांच्या नकाशात नसतंच. ड्रोनने गावठाणातली घरं मोजायची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली. जे गावठाण त्याआधीच पाण्याखाली गेलं, त्याच्यावरून ड्रोन काय मोजणार? मोबदल्याच्या कागदावर घराचं क्षेत्रफळ सापडतं, पण बंडी कुठून वळायची ते सापडत नाही. सॅटेलाइटच्या जुन्या चित्रांत छपरं म्हणजे तपकिरी ठिपके. म्हणजे उरली माणसांची आठवण. आणि आठवणीत फूट-इंच नसतात. आजीला विचारलं गल्ली किती रुंद होती, तर ती दोन्ही हात पसरते.

पण आजीला बंडी पक्की आठवते. कोणती गाडी कोणत्या दारातून आत जायची, कुठे समोरून दुसरी आली की एकाला मागे घ्यावं लागायचं, कुठल्या कोपऱ्यावरच्या दगडाला आसाचं टोक घासून काळं वंगण लागलेलं असायचं. आणि बंडीची मापं आपल्याला ठाऊक आहेत. चाक साडेचार-पाच फूट उंच, आसाच्या टोकापासून टोकापर्यंत साधारण सहा फूट. म्हणजे बंडी हीच मोजपट्टी. 'एकच बंडी जायची, बाजूने माणूस अंग चोरून निघायचा' याचा अर्थ आठ फूट. 'दोन निघायच्या, पण सावकाश' म्हणजे तेरा-चौदा.

म्हणून मी घरांच्या आधी बंडी केली. प्रमाण घेतलं १:५०, म्हणजे एक फुटाला सहा मिलिमीटर. चाक तीस मिलिमीटरचं, बंडी छत्तीस मिलिमीटर रुंद. मग ढोबळ नकाशा मोठ्या कागदावर छापला, भिंती म्हणून नुसत्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या केल्या, आणि आजीच्या हातात बंडी दिली. शेतातून घरी आण. सॉफ्टवेअरवाल्यांना कळेल, हे टेस्टिंगच आहे. चिंचेपाशी आली आणि थांबली. "काहून रे बाबू, इथून बंडी कशी निंगन?" तिथली पट्टी मी बोटभर सरकवली, मग निघाली. अशा दोन दुपारी गेल्या, आणि त्यातून जी गल्ली तयार झाली ती कुठल्याही कागदावर नव्हती. चार बाय तीन फुटांचा प्लायवूड घेतला तर या प्रमाणात दोनशे बाय दीडशे फूटच मावतात. अख्खं गाव नाही, एक गल्ली, विहीर, मारुतीचा पार आणि पाच घरं. मला ते पुरेसं वाटतं. मोठं गाव लहान प्रमाणात करण्यापेक्षा थोडं गाव नीट केलेलं बरं.

आता चाक. ऐकणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांनी मेलवर हेच विचारलं होतं.

खऱ्या चाकात मध्ये तुंबा, त्यातून निघणारे आरे, बाहेर लाकडी वाक, आणि त्यावर लोखंडी धाव. वाक सहा तुकड्यांचा, प्रत्येक तुकड्यात दोन आरे, असे बारा आरे ही सर्रास दिसणारी रचना. कागदात बारा म्हणजे दर तीस अंशाला एक, कंपासपेटीतल्या गुण्याने आखता येतो. कागद म्हणाल तर जुन्या लग्नपत्रिका. तीनशे जीएसएमच्या आसपासचा दणकट कागद, घरोघरी पडलेला, फुकट. चाक दोन थरांचं कापायचं. आणि इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. कारखान्यात कागद तयार होताना त्याचे तंतू बहुतांश एकाच दिशेने बसतात. कागद ओला झाला की तो तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो, लांबीच्या दिशेने कमी. म्हणून गोंद लावला की पुठ्ठा वाकतो. दोन थरांचे तंतू एकमेकांना काटकोनात ठेवले तर दोघंही एकमेकांना धरून ठेवतात, प्लायवूडसारखं. तंतूंची दिशा ओळखायला कागद दोन्हीकडून हलका वाकवून बघा. ज्या बाजूने सहज वाकतो, त्या वळीला समांतर तंतू.

तुंब्यासाठी कागदाची लांब निमुळती पट्टी दातकोरणीवर गुंडाळायची. रुंद टोकाकडून सुरू केलं की आपोआप मध्ये फुगीर, कडेला बारीक असा सुताराने कातल्यासारखा आकार येतो. आस म्हणजे उदबत्तीची काडी.

आणि धाव. ही मला सगळ्यात आवडलेली जागा आहे, जरा थांबून सांगतो. लोहार धाव चाकापेक्षा मुद्दाम थोडी लहान करतो. मग ती गोवऱ्यांच्या जाळात लालबुंद तापवायची, चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचं. लोखंड एक अंश तापलं की लांबीच्या दहा लाखांशाला बारा भाग वाढतं. पाचशे अंश तापवलं तर शंभराला ०.६. पाच फुटी चाकाचा घेर पावणेसोळा फूट, म्हणजे धाव एक इंचाहून थोडी जास्तच वाढते. निवताना तेवढीच आकसते आणि सगळे सांधे आवळून टाकते. खिळा नाही, गोंद नाही.

कागदात हेच जमतं, फक्त आगीच्या जागी पाणी. दीड मिलिमीटर रुंद पट्टी कापायची, पण अशी की तंतू पट्टीच्या लांबीला आडवे येतील. तिला पातळ फेविकॉल लावून मिनिटभर ठेवायचं. ती फुगते, लांब होते. मग चाकाभोवती ताणून गुंडाळायची. वाळताना ती आकसते आणि दोन्ही थर घट्ट आवळते. शिवाय तंतू आसाला समांतर असल्यामुळे पट्टी गोलाकार वळतेही सहज, मोडत नाही. एकाच दिशेचे दोन फायदे.

बाकी घरांचं फार सांगत नाही. भिंती दीड मिलिमीटरच्या राखाडी पुठ्ठ्याच्या, त्यावर माती आणि फेविकॉलचा पातळ लेप. कवेलूसाठी कुरिअरचं खोकं पाण्यात भिजवून वरचा कागद सोलून काढा, आतली नागमोडी साधारण तीन मिलिमीटरची असते. १:५० मध्ये ते सहा इंच, म्हणजे देशी कवेलूचंच माप. इतकं सोपं दुसरं काहीच नाही.

नागपूरकरांसाठी मात्र एक वेगळी सूचना. पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत सांगितलेल्या वाळायच्या वेळा इथे लागू नाहीत. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत फेविकॉल ब्रशवरच सुकतो. आणि कूलर लावलेल्या खोलीत उलट, हवा इतकी दमट की पुठ्ठा सकाळपर्यंत पापडासारखा होतो. कूलरच्या खोलीत कापायचं, दुसऱ्या खोलीत चिकटवायचं, आणि पुठ्ठ्याला नेहमी दोन्ही बाजूंनी कागद लावायचा, म्हणजे दोन्हीकडून सारखाच ओढला जातो.

बैल. आपल्या नागपुरात तान्हा पोळा आहे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं चाकांचे लाकडी बैल सजवून नेतात. ही प्रथा दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी सुरू केली असं सांगतात. त्या लाकडी बैलाकडे नीट बघा: वशिंड ठळक, मान जाड, पाय आखूड. लहान आकारात ओळख पटायला हेच तीन पुरतात, डोळे-नाक नको. कागदाची घडी घालून पाठीवर जोडलेल्या दोन बाजू कापल्या, वशिंडाशी गोंदाचा थेंब दिला की बैल उभा. उंची सत्तावीस मिलिमीटर.

बंडीत तणस भरलं तर ते आसाच्या किंचित पुढे भरा. मागे भार झाला की गाडी उलार होते, दांडी वर, बैल जवळजवळ लटकलेले. खऱ्या बंडीतही गाडीवान यासाठीच पुढे सरकून बसतो. कागदी बंडीत मी पुढच्या फळीखाली एक छोटा नट चिकटवलाय.

महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आल्यापासून गणपती-महालक्ष्म्यांच्या देखाव्यात कागद पुन्हा आलाय, तेव्हा हे सगळं त्या दृष्टीनेही उपयोगाचं. आमची गल्ली यंदा मामाकडे महालक्ष्म्यांपुढे मांडली होती. नव्या गावठाणातली म्हातारी माणसं बघायला आली, आणि वाद सुरू झाला. विहिरीशेजारची भिंत आजीच्या म्हणण्याने नव्हतीच, बंड्या तिथूनच वळायच्या. मामा म्हणतो होती, त्याने स्वतः तिच्यावर बसून मिरचीची पोती मोजलीत. बहुधा दोघंही बरोबर आहेत. आजी ज्या वर्षांचं सांगते त्यानंतर ती भिंत उठली असणार. मी ती चिकटवलेली नाही, तळाला दोन खाचा करून सुटी ठेवली आहे. आजी जाता-येता काढते, मामा परत बसवतो.

चाकाचा आणि बैलाचा नमुना तुम्हाला प्रिंट काढता येईल असा खाली जोडतोय. छापताना 'पानाच्या मापात बसवा' हे बंद करा, नाहीतर तीस मिलिमीटरचं चाक अठ्ठावीसचं येईल.