साबणाचा ससा आणि आजोबांचा पुतळा

आमच्या डॉर्मिटरीत माझ्या कपाटाला सगळे ‘साबणाचे दुकान’ म्हणतात. सातवीत असताना एकदा पावसामुळे गेम्स रद्द झाले. वेळ जाईना, म्हणून मी अंघोळीच्या साबणावर कर्कटकाने हत्ती कोरला. तेव्हापासून हा छंद सुटलेला नाही. कोणाला बहिणीसाठी ससा हवा असतो, कोणाला हाउसचा बिल्ला.

पण मला शिल्पकार व्हायचे आहे, आणि पहिले मोठे काम म्हणून आजोबांचा मातीचा अर्धपुतळा करायचा आहे. ते मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांना काचबिंदू आहे. मागच्या मे महिन्यात मी त्यांना हा बेत सांगितला तेव्हा ते म्हणाले, “लवकर कर रे बाळा, दिसतंय तोवर.” दिवाळीपर्यंत माझे २१ साबण कोरून झाले. पुतळ्याला मात्र हातही लागला नव्हता.

मला स्वतःचाच राग आला आणि मी साबण बंद केले. बाबांनी दिल्लीच्या उत्तमनगरमधल्या कुंभार वसाहतीतून माती आणून दिली. लाकडी काठीभोवती फूटभर उंचीचे डोके उभे केले आणि उन्हात वाळत ठेवले. पुढच्या रविवारी पाहतो तर कपाळापासून हनुवटीपर्यंत तडा, आणि नाक डावीकडे कललेले.

कलाशिक्षकांनी तड्याचे कारण सांगितले. माती वाळताना आकसते, आतली काठी आकसत नाही. म्हणून माती फाटते. शिल्पकार अशी माती वाळूच देत नाहीत. ओल्या फडक्याने झाकून ठेवतात आणि ओली असतानाच तिचा साचा घेतात. मग सरांनी नाकाकडे बघून विचारले, “आधी छोटा नमुना केला होतास का?” मी गप्प राहिलो.

त्याच दिवशी सरांनी मला शिल्पकार राम सुतार यांच्याविषयी सांगितले. त्यांचा जन्म १९२५ साली धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर गावी, सुतारकाम करणाऱ्या घरात झाला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्यावर त्यांनी १९५४ ते १९५८ पुरातत्त्व खात्यात नोकरी केली. काम होते अजिंठा-वेरूळच्या जुन्या शिल्पांच्या दुरुस्तीचे. मग दिल्लीत सरकारी नोकरी केली, तीही सोडली आणि पूर्णवेळ शिल्पकलेला वाहून घेतले. त्यांचा स्टुडिओ आपल्या शेजारी नोएडात. संसद परिसरातला बसलेल्या गांधीजींचा पुतळा त्यांचाच. गांधीसागर धरणावरची ४५ फुटी चंबळदेवी तर त्यांनी काँक्रीटच्या ठोकळ्यातून छिन्नी-हातोड्याने कोरून काढली. म्हणजे पद्धत साबणाचीच : नको ते काढून टाकायचे, आणि एकदा काढलेले परत लावता येत नाही!

सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा करतानाही त्यांनी आधी ३ फुटांचा, मग १८ फुटांचा, मग ३० फुटांचा नमुना केला. हे वाचल्यावर मी वहीत गणित मांडले. १८२ मीटर म्हणजे जवळजवळ ६०० फूट, म्हणजे ३० फुटांच्या वीसपट. नमुन्यात एक सेंटिमीटरची चूक राहिली, तर पुतळ्यात ती वीस सेंटिमीटरची होणार. माझा साबण तीन इंचांचा आणि पुतळा बारा इंचांचा. साबणावर नाक दोन मिलिमीटर सरकले, तर पुतळ्यात आठ मिलिमीटर सरकणार. पण साबणावरची चूक एका साबणात निस्तरते. तडकलेल्या डोक्यात माझे सहा रविवार गेले होते.

तेव्हा कळले की साबण सोडणे हा उपाय नव्हता. त्या २१ साबणांत एकही माणसाचा चेहरा नव्हता, ही खरी चूक होती. ससे आणि बिल्ले मला आधीच येत होते. मित्र वाहवा करत होते, म्हणून मी तेच करत राहिलो.

आता मी तीन नियम केले आहेत. पहिला, मित्रांसाठी महिन्याला दोनच साबण, आणि तेही चेहऱ्याचेच. बिल्ला हवा असणाऱ्यांनी माफ करावे! दुसरा, प्रत्येक साबणात आजोबांची एकच गोष्ट शिकायची. एकात कान, एकात मिशी, एकात डोळ्याची खोबण. तिसरा, हॉबी पिरियड साबणाचा, रविवारची दुपार मातीची. प्रेपच्या वेळेत कर्कटक फक्त भूमितीसाठी, हा आईला दिलेला शब्द आहे. यंदा दहावी आहे.

दुसरे डोके सध्या ओल्या फडक्याखाली आहे. नाक सरळ आहे, डावा कान अजून जमलेला नाही. मे महिन्यात मी घरी जाईन तेव्हा आजोबांना किती दिसत असेल, ते माझ्या हातात नाही. पण त्यांनी बोटे फिरवली तरी त्यांना आपली मिशी ओळखता आली पाहिजे. म्हणून या आठवड्याचा साबण मिशीचा आहे.